मोरबीचा झुलता पूल: फळ्या बदलल्या, दोर राहिले

मोरबीच्या झुलत्या पुलाच्या एका मुख्य दोरात ४९ तारा होत्या. सात पेड आणि प्रत्येक पेडात सात तारा. असे दोन दोर, एक नदीच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या. ३० ऑक्टोबर २०२२ च्या रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वरच्या अंगाचा दोर तुटला, चालायचा पट्टा कलंडला आणि माणसे मच्छू नदीत पडली. १३५ जण गेले. गुजरात सरकारने नेमलेल्या पाच जणांच्या विशेष तपास पथकाने नंतर तुटलेली टोके तपासली. त्यांच्या प्राथमिक अहवालानुसार ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. त्या संध्याकाळी नव्याने तुटल्या त्या उरलेल्या २७.

हा पूल दुरुस्तीसाठी मार्च २०२२ पासून बंद होता. सात महिने काम चालले. २६ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या दिवाळी पाडव्याला आणि तिथल्या बेस्तु वरसला (गुजराती नववर्षाला), तो थाटामाटात पुन्हा खुला झाला आणि चार दिवसांनी पडला. देखभाल न झाल्याने पडलेले पूल आपल्याला नवे नाहीत. पण हा पूल दुरुस्ती होऊन पडला, आणि म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखा आहे. सात महिने माणसे पुलावर काम करत होती, पैसा खर्च होत होता, सामान येत होते. तरीही ज्यावर सगळा पूल लटकतो ते दोर आणि त्यांची टोके यांच्यापर्यंत काम पोचलेच नाही.

पूल कोणाचा, कुठला

मोरबी हे काठियावाडातले संस्थान. ठाकोर वाघजी यांच्या काळात हा पूल झाला. २० फेब्रुवारी १८७९ ला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते उद्घाटन झाले अशी नोंद दिली जाते. बांधणीचे साल काही ठिकाणी १८८७ असेही आढळते. एका काठावर दरबारगढ, दुसऱ्या काठावर नजरबाग आणि लखधीरजी इंजिनियरिंग कॉलेज. लांबी सुमारे २३० मीटर, रुंदी जेमतेम सव्वा मीटर. समोरून माणूस आला तर अंग चोरून जावे लागेल एवढीच वाट. वाहनांसाठी हा पूल कधीच नव्हता. फिरायला यावे, पूल हलतो त्याची मजा घ्यावी, एवढाच त्याचा उपयोग.

मोरबीने पाणी आणि जमीन दोन्हींचे तडाखे सोसले आहेत. ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरण फुटून शहर बुडाले, हजारो माणसे गेली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात पुलाचे मोठे नुकसान झाले आणि दुरुस्त्या झाल्या. म्हणजे २०२२ मध्ये जो पूल हाती होता तो सव्वाशेहून अधिक वर्षांचा आणि एकदा चांगला हादरून गेलेला होता. अशा पुलाच्या बाबतीत पहिला प्रश्न फळ्यांचा असूच शकत नाही.

टोके का महत्त्वाची

गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी घ्या. ओले कपडे वाढले की दोरी मध्ये खाली येते, पण उपटून येतो तो भिंतीतला खिळा. झुलत्या पुलाच्या दोराची दोन्ही टोके काठावर जिथे अडकवलेली असतात त्या जागेला अँकरेज किंवा नुसते अँकर म्हणतात. दगडी किंवा काँक्रीटचा भला मोठा चौथरा, त्यात पुरलेल्या लोखंडी पट्ट्या किंवा पिना, आणि त्यांना जोडलेले दोराचे टोक. पुलाचे मनोरे फक्त वजन खाली जमिनीत उतरवतात. दोराची ओढ मनोऱ्याच्या माथ्यावरून पलीकडे जाते आणि अँकरेजवर येऊन थांबते.

ही ओढ किती असते याचा लोकांना अंदाज नसतो. साधा हिशेब करून पाहू. तपास पथकाच्या म्हणण्यानुसार त्या वेळी पुलावर सुमारे ३०० माणसे होती. लहानमोठे धरून सरासरी ६० किलो म्हटले तर १८ टन. समजा दोराचा झोल, म्हणजे तो मध्ये जेवढा खाली येतो ते अंतर, पल्ल्याच्या (दोन मनोऱ्यांमधल्या अंतराच्या) एक दशांश आहे आणि माणसे सारखी पसरलेली आहेत. मग आडवी ओढ येते वजनाच्या सव्वापट, म्हणजे साडेबावीस टन, एका दोराला अकरा टनांहून अधिक. हा झाला फक्त माणसांचा भार. पुलाचे स्वतःचे वजन वेगळे, आणि ते रात्रंदिवस दोरावर असते. झोल जितका कमी तितकी ओढ जास्त. माणसे सारखी पसरलेलीही नसतात. नदीकडे पाहायला, फोटो काढायला एका कठड्याशी जमतात आणि त्या बाजूच्या दोरावर जास्त ओझे येते. पूल मुद्दाम हलवणारी पोरेही असतात. धक्क्याचा भार या हिशेबात धरलेलाच नाही.

आता २२ तारा गेलेल्या दोराकडे या. ४९ तारांवर वाटला जाणारा भार २७ तारांवर आला, म्हणजे प्रत्येक तारेवर पहिल्याच्या १.८१ पट. मूळ रचनेत तिप्पट सुरक्षितता होती असे धरले तर ती उरली १.६५. त्यातही ज्या २७ तारा शाबूत होत्या त्या कोऱ्या नव्हत्या, गंज त्यांनाही होता. मग पूल आधीच का पडला नाही? कारण गर्दी त्या दिवसाएवढी रोज नव्हती आणि दुरुस्तीआधी चालायचा पट्टा हलका होता.

तुटलेली तार दिसत कशी नाही

पीळ दिलेल्या दोरात एक तार तुटली तरी दोर लगेच ढिला पडत नाही. शेजारच्या तारा तिला घट्ट आवळून असतात. तुटल्या जागेपासून थोड्या अंतरावर घर्षणामुळे तीच तार पुन्हा भार घेऊ लागते. दोराच्या मधोमध निरनिराळ्या ठिकाणी पाचसहा तारा तुटल्या तर त्याचे नुकसान वाटते त्यापेक्षा कमी असते. तपासणाऱ्याला हा दिलासा मिळतो तो फक्त लांबीच्या मधल्या भागात. अँकरजवळ, जिथे दोर सॉकेटमध्ये (टोक पकडून ठेवणाऱ्या लोखंडी खोबणीत) किंवा पिनेभोवती जातो, तिथे पुन्हा पकड घ्यायला लांबीच उरत नाही. तिथे तुटलेली तार कायमची गेली.

आणि नेमकी तीच जागा गंजाची आवडती. मनोऱ्यापासून काठाकडे येणारा दोर उतरता असतो. पावसाचे पाणी पेडांच्या खाचांतून ओघळत शेवटी अँकरच्या तोंडाशी जमते. तिथे माती, पाला, पक्ष्यांची विष्ठा, वरून मारलेल्या रंगाचे थर असतात. लोखंड जिथे उघड्या हवेतून चौथऱ्याच्या आत शिरते तिथे बाहेर कोरडे आणि आत ओलसर असते, गंज तिथेच सुरू होतो. त्यावर चकचकीत रंग फासला की काम झाले असे वाटते, पण पाणी आत अडकते आणि गंज झाकला जातो. जुन्या पुलांवर मला रंगाची भीती वाटते ती यासाठी.

मोरबीच्या खटल्यात १ नोव्हेंबर २०२२ ला पोलिसांनी कोर्टासमोर सांगितले ते असे: दोराला तेल किंवा ग्रीस लावलेले नव्हते, आणि जिथे तो तुटला तिथे तो गंजलेला होता. पुढे सरकारी वकिलांनी फॉरेन्सिक अहवालाचा गोषवारा दिला. दोर गंजलेले, अँकर तुटलेले, बोल्ट सैल. आरोप कोणाचा कितपत टिकेल हे न्यायालय ठरवेल, त्यात मी जात नाही. पण बोल्ट सैल आहे की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पाना आणि शिडी पुरते.

सात महिन्यांत काय झाले

जुन्या फळ्या काढल्या आणि ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. हा बदल निव्वळ वजनाचा नव्हता. सुट्या फळ्यांचा पट्टा लवचिक असतो. प्रत्येक फळी आपापली हलते, माणूस जिथे उभा तिथला भार तिथल्या सळ्यांवर जातो. सलग पत्रे घातले की पट्टा ताठ होतो आणि हलण्याची तऱ्हाच बदलते. तपास पथकाने दोन्ही गोष्टी नोंदवल्या: पट्टा ताठ झाला आणि पुलाचे वजन वाढले. भार वाढला, भार पेलणारा दोर मात्र तोच. दुरुस्तीची दिशाच उलटी झाली.

दुसरी गोष्ट लटकत्या सळ्यांची. मुख्य दोरापासून पट्ट्यापर्यंत ज्या उभ्या सळ्या येतात त्या एकसंध असाव्यात. इथे जुन्या सळ्यांच्या तुकड्यांना नव्या सळ्या वेल्डिंग करून जोडल्या. कोणत्याही कारखान्यातला वेल्डर सांगेल की जुन्या लोखंडाचा घटक माहीत नसताना त्यावर आधुनिक पोलादाचे वेल्डिंग करणे जोखमीचे असते, सांध्याशेजारचा भाग ठिसूळ होऊ शकतो. शिवाय जी सळी आधी निव्वळ ओढ घेत होती ती आता सांध्यापाशी वाकू लागते. पथकाने म्हटले ते हेच, की सळ्यांची वागणूक बदलली.

काम झाल्यावर भारचाचणी झाली नाही. पालिकेकडून फिटनेसचे प्रमाणपत्र घेतले गेले नाही. मुख्य दोर तपासायला कोणी तज्ज्ञ नेमला नाही. पुलावर एका वेळी किती माणसे सोडायची याचे बंधन नव्हते. त्या एका दिवसात ३,१६५ तिकिटे विकली गेली असे कोर्टात सांगण्यात आले.

या सगळ्याची गोम कराराच्या कागदात आहे. पुलाची देखभाल २००८ पासून एका खासगी कंपनीकडे होती. करार २०१७ मध्ये संपला, तरी पूल तिच्याच ताब्यात राहिला. मार्च २०२२ मध्ये १५ वर्षांचा नवा करार झाला. त्यासाठी टेंडर निघाले नव्हते आणि पालिकेच्या सर्वसाधारण सभेची मंजुरीही घेतली नव्हती. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा एवढ्या महत्त्वाच्या कामाचा करार अवघ्या दीड पानाचा कसा, असा प्रश्न विचारला. दीड पानात तिकिटाचा दर बसतो. पुलाची कोणती अंगे कोणी, किती दिवसांनी, कशाने तपासायची हे बसत नाही. आणि ज्याचे उत्पन्न तिकिटावर आहे तो साहजिकच पर्यटकाला दिसते तेच दुरुस्त करतो. चौथऱ्यातली पिन पाहायला कोणी तिकीट काढत नाही.

अँकरची दुरुस्ती खरोखर कशी करतात

हातात सात महिने होते. एवढ्या लहान पुलाला ते भरपूर झाले. मी कामाचा क्रम लावला असता तर सुरुवातीचे दोन महिने पट्ट्याला हातही लावला नसता, फक्त जुन्या फळ्या उतरवून दोरावरचे वजन कमी केले असते.

आधी चारही टोकांची माती आणि बांधकाम मोकळे करायचे, दोर आत शिरतो ते तोंड उघडे पाडायचे. रंग आणि गंज काढून लोखंड नजरेला आणायचे. पेडांमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरी ठोकून आतल्या तारा पाहायच्या, कारण बाहेरच्या थरावरून आतला अंदाज येत नाही. मोठ्या पुलांवर हेच करतात. स्कॉटलंडमध्ये एडिनबराजवळचा फोर्थ रोड पूल १९६४ चा, मधला पल्ला १,००६ मीटर, एका दोरात ११,६१८ तारा. २००४ च्या सुमारास पाचरी ठोकून त्याचे दोर उघडले तेव्हा ताकद ८ ते १० टक्क्यांनी घटलेली निघाली, आणि तेवढ्यावर खळबळ उडाली. मग दोरात कोरडी हवा सोडायची यंत्रणा बसवली. त्याच पुलाची अँकरेजे खडकात खोदलेल्या बोगद्यांत, काँक्रीटच्या आत आहेत, डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून शेजारून खोदकाम करून तिथपर्यंत पोचले आणि स्थिती ठीक असल्याची खात्री करून घेतली. ठीक आहे एवढे कळण्यासाठी एवढा खटाटोप! आपल्याकडे हा खर्च वाया गेला म्हणून ओरड झाली असती.

तोंड उघडल्यावर दोराचा ताण मोजायचा. हायड्रॉलिक जॅकने टोक किंचित उचलून कळते, किंवा दोराला ठोका देऊन तो किती वेगाने थरथरतो त्यावरून काढता येते. दोन दोरांच्या ताणात फरक निघाला तर एका बाजूचे अँकर सरकले असण्याची शक्यता असते. सॉकेटच्या तोंडाशी सगळ्या तारांवर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवायची. तार आतून सुटू लागली तर रेघ तुटते. हा उपाय शंभर रुपयांचा आहे आणि गावातला कोणीही मुकादम महिन्यातून एकदा पाहून सांगू शकतो.

अँकर वाईट निघाले, तर खरी दुरुस्ती सुरू होते. जुने अँकर काढून त्या जागी नवे घालता येत नाही, कारण काढल्या क्षणी पूल सुटेल. म्हणून आधी शेजारी किंवा मागे नवे अँकर तयार करतात. खडकात तिरकी भोके पाडून त्यात पोलादी दांडे किंवा तारा ग्राऊटने, म्हणजे पातळ सिमेंट भरून, बसवायच्या आणि प्रत्येक दांडा कामाच्या भारापेक्षा जास्त ओढून तपासायचा. मग जुन्या अँकरच्या पुढे, दोराच्या चांगल्या भागावर एक पकड आवळायची. पकड घसरत नाही याची आधी वेगळ्या तुकड्यावर खात्री करायची. त्या पकडीतून जॅकने हळूहळू ताण नव्या अँकरवर न्यायचा. एकदम सगळा नाही. थोडा डाव्या दोराचा, थोडा उजव्याचा, मग थांबून मनोऱ्याचा माथा किती सरकला ते पाहायचे. माथा काठाकडे झुकू लागला तर ओढ जास्त झाली, नदीकडे झुकू लागला तर कमी पडते आहे. मनोऱ्याच्या माथ्यावरची खोगीर, म्हणजे दोर ज्यावर टेकतो ती बैठक, जुन्या पुलात बहुधा गंजून जाम झालेली असते. ती सरकली नाही तर सगळी ओढ मनोऱ्याला वाकवते, म्हणून तिला आधी मोकळे करावे लागते. कामात सर्वांत चिवट दिवस जातात ते इथे.

ताण पूर्ण हलला की जुन्या अँकरवर काही उरत नाही. मग खराब टोक कापून दोराला नवे सॉकेट बसवता येते, वितळलेले जस्त ओतून. ऐतिहासिक पुलावर जुना चौथरा आणि लोखंडी पट्ट्या तशाच जागेवर ठेवाव्यात, फक्त त्यांच्याकडून काम घेऊ नये. वारसा जपायचा म्हणून जुन्या पिनेवरच भार ठेवायचा हा हट्ट मला पटत नाही.

पण मोरबीत दोरच जवळजवळ निम्मा गेलेला होता. त्यामुळे नव्या अँकरवर जुना दोर बांधूनही भागले नसते. नव्या अँकरांवर नवे दोर ओढून भार त्यांच्यावर घ्यावा लागला असता. पाचरी ठोकल्या असत्या तर हे पहिल्या महिन्यातच कळले असते. तेव्हा खर्च वाढला म्हणून कामही थांबले असते आणि पूल बंद राहिला असता.

आणखी एक गोष्ट झुलत्या पुलांवर काम करणाऱ्याने विसरू नये. दोनच दोर असलेल्या पुलात एक तुटला की दुसरा त्याचे काम उचलू शकत नाही. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९२८ चा. दोरांऐवजी त्याला लोखंडी पट्ट्यांच्या साखळ्या होत्या. १५ डिसेंबर १९६७ ला एका पट्टीतली सुमारे अडीच मिलिमीटर खोल तड वाढली, ती पट्टी तुटली, पूल कोसळला, ४६ माणसे गेली. तिथे राष्ट्रीय पातळीवर पूल तपासणीचे नियम त्यानंतरच आले.

चाचणी आणि पाटी

वरील सगळे झाल्यावर फळ्या. मी पुन्हा लाकडीच घातल्या असत्या, सुट्या. त्यानंतर भारचाचणी. भारतात पुलांच्या भारचाचणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५१ ही मार्गदर्शिका आहे. ती रस्त्यावरच्या पुलांना नजरेसमोर ठेवून लिहिलेली असली तरी पद्धत इथेही चालते. वाळूच्या किंवा पाण्याच्या पिशव्या टप्प्याटप्प्याने ठेवायच्या, प्रत्येक टप्प्यावर झोल मोजायचा, पूर्ण भार ठेवून थांबायचे, मग उतरवून पूल किती परत वर येतो ते पाहायचे. चाचणीच्या वेळी पुलावर माणूस नको. आणि त्या वेळी नजर ठेवायची ती पट्ट्यावर नव्हे, अँकरच्या तोंडावरच्या रंगाच्या रेघेवर.

चाचणीतून एक आकडा निघतो: एका वेळी किती माणसे. तो सर्वांत कमकुवत टोकावरून ठरतो, मधल्या पल्ल्यावरून नाही. तो आकडा तिकिटाच्या खिडकीशी जोडला नाही तर पाटीला अर्थ उरत नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला तो दिवसही रविवारच होता. पूल झुलता नव्हता, पण गर्दी तशीच होती, आणि चार जण गेले. कोकणात, सह्याद्रीच्या घाटाखाली शाळकरी पोरे रोज ओलांडतात असे साकव आणि झुलते पूल आहेत. त्यांना तिकीट नाही, खिडकी नाही, मोजणारा कोणी नाही. तिथे निदान एका वेळी किती जणांनी जायचे हे ग्रामपंचायतीने ठरवावे, आणि पावसाळ्यापूर्वी चारही टोकांची माती बाजूला करून लोखंड पाहावे. पाना, तारेचा ब्रश, रंगाचा एक डबा आणि नोंदवही एवढेच सामान लागते. नोंदवहीत तारीख, रेघ शाबूत आहे की नाही, बोल्ट किती फिरला, आणि पाहणाऱ्याची सही.